चाकाच्या खुर्चीचा ऊंजल

आमच्या तंजावुरी मराठी लग्नात नवरा-नवरीला ऊंजलावर, म्हणजे झोपाळ्यावर, बसवतात आणि बायका त्यांची थट्टा करत गाणी म्हणतात. घरात ही गाणी आता फक्त माझ्या अक्काला, थोरल्या बहिणीला, येतात. माझी मुलगी कॉम्प्युटरवर स्वतःचं संगीत रचते. (ती नसताना मी त्याला मिक्सर-ग्राइंडर म्हणतो.) तिच्या अल्बमचं शेवटचं गाणं अक्काच्या आवाजावाचून अडलं होतं, आणि अक्का तर दुसऱ्या दिवशी लेकाकडे परदेशी निघालेली.

राजवाड्यामागच्या गल्लीतल्या स्टुडिओत अक्का माइकसमोर उभी राहिली. लाल दिवा लागला. अक्का गप्प. पुन्हा लागला, पुन्हा गप्प. शेवटच्या पंगतीपर्यंत जिचा आवाज पोचतो, ती बाई!

मुलीचा चेहरा उतरला. "आत्या, पाणी देऊ?"

"पाण्याचं काय करू? ऊंजलावर कोण बसलंय ते सांग. रिकाम्या ऊंजलाला गाणं म्हणतं का कोणी? अपशकुन!"

मुलीने माझ्याकडे पाहिलं, मी बायकोकडे.

"मी एकदा बसले ते पुरे झालं," बायको म्हणाली. "तुम्हीच बसा."

बसलो. ऊंजल म्हणून स्टुडिओतली चाकाची खुर्ची, गळ्यात हार म्हणून मुलीची ओढणी. मुलगी मागून हळूहळू झुलवू लागली. खुर्ची कुरकुरली. काचेपलीकडे रेकॉर्डिंगवाल्या तरुणाने डोक्याला हात लावला. मुलीने मानेनेच त्याला सांगितलं, चालू दे.

आणि अक्काचा गळा उघडला! नवरदेव चंद्रासारखा निघाला, म्हणजे टक्कल. पोट पोंगलच्या मडक्यासारखं, तेही उतू गेलेलं. हे जुन्या गाण्यात नव्हतं, मला पक्कं ठाऊक आहे. हसायची सोय नव्हती, माइक चालू. मी ओठ दाबले तर पोट हलायला लागलं, आणि पोटाबरोबर खुर्ची जास्तच कुरकुरायला लागली. काचेपलीकडे जाऊन बसलेल्या बायकोने तोंडात पदर कोंबला होता.

गाणं संपलं. लाल दिवा विझेपर्यंत मुलगी श्वास धरून उभी होती. मग तिने जाऊन अक्काला मिठी मारली.

"आलं गं आत्या, सगळं आलं!"

"सोड, सोड. सगळं कुठलं? दूध-केळं राहिलंय अजून."

ऊंजल झाला की नवरा-नवरीला दूध-केळं द्यायचंच. रेकॉर्डिंगवाला हसत कोपऱ्यावरच्या दुकानातून घेऊन आला. मी केळं सोलतोय तोच बायकोने अर्धं मोडून घेतलं.

"बसली नव्हतीस ना?"

"बसले नाही म्हणून काय झालं? नवरी मीच आहे."