पुढचं दार बंद, पिल्लं आहेत
आमचे हे रिटायर झाले त्याच महिन्यात पुढच्या दाराशी, जाईच्या वेलीत, बुलबुलाच्या जोडीनं घरटं केलं. तीन पिल्लं झाली. ह्यांनी हुकूम सोडला, "आजपासून पुढचं दार बंद. सगळ्यांनी मागनं यायचं." मग दूधवाला, पेपरवाला, लग्नाची पत्रिका घेऊन आलेले पाहुणे, सगळे माझी मोरी ओलांडून घरात येऊ लागले. स्वयंपाकघरात भांडं वाजलं की ह्यांचं सुरू, "श्श! सुम्ने! गप्प!"

आमची तीन मुलं वाढली तेव्हा हे पेपरमागे बसलेले असायचे. धाकटी कितवीत असं कुणी विचारलं तर थोरल्याची इयत्ता सांगायचे. आता खिडकीशी खुर्ची टाकून दिवसभर पहारा.

"काय कष्ट गं त्या माउलीचे! सारख्या अळ्या आणत्येय," मी तिसरा चहा हातात देताना हे म्हणाले.

"नर-मादी तर सारखीच दिसतात. आई कोणती, कसं कळलं?"

"काम करत्येय ती आई," हे बोलून गेले आणि घाईघाईनं चहा प्यायले.

बाराव्या दिवशी ह्यांना लग्नासाठी नंजनगूडला जावं लागलं. "मांजरावर लक्ष ठेव. आज काही उडत नाहीत, शेपट्या कुठं फुटल्यात अजून!" असं बजावून गेले. ह्यांची बस सुटली नसेल तोच पहिल्या पिल्लानं उडी मारली, ती थेट माझ्या वाळत घातलेल्या साडीवर. मागोमाग दुसरं. तिसरं मात्र हलेना. तेव्हा आईबापांतलं एक जण चोचीत अळी धरून समोरच्या तारेवर बसलं आणि देईचना. मी तांदूळ निवडायचे सोडून बघत राहिले. शेवटी भुकेनं ते निघालं, कुंपणावर आपटलं, सावरलं आणि शेजारच्या पेरूत शिरलं.

संध्याकाळी हे परतले ते रिकामं घरटं बघून तापलेच. "थांबवलं नाहीस?"

"अय्यो, काय सांगून थांबवू? साहेब नंजनगूडला गेलेत म्हणून?"

हे खिडकीशी खुर्चीवर जाऊन बसले. मग विचारलं, "शेवटचं कसं गेलं?" मी सांगितलं. पुन्हा सांगायला लावलं. आणि एकदम म्हणाले, "आपला थोरला पहिल्यांदा चालला, तेव्हा मी कुठं होतो?"

"टूरवर."

"कसा चालला होता?"

तीस वर्षांत पहिल्यांदाच विचारत होते. मीही जरा ताटकळत ठेवलं, मग सांगितलं.