चप्पल चालते, हात नाय

"हात नको लावू गो. नुसती चप्पल धर नाकाला."

वैशालीची आई असं बोलली तेव्हा वैशाली त्यांच्या पडवीत आडवी पडलेली. डोळे पांढरे, दातखीळ बसलेली, तोंडातून फेस, हातपाय झटके खातायत. आणि मी, सातवीतली पोर, माझ्या बापाची चप्पल तिच्या नाकाशी धरून उकिडवी बसलेली. तिचं डोकं फरशीवर आपटत होतं. मला ते मांडीवर घ्यायचं होतं. शाळेत आमी एका बाकावर बसायचो. पण इथं माझी मांडी चालणार नव्हती.

फिट आली की चप्पल हुंगवायची, हे आमच्या किन्हवलीकडं शेंबडं पोरही सांगेल. पण त्या घराला चप्पल आमच्या बुद्धवाड्यातलीच लागायची. त्यांच्या दारात चपला-बुटांची ही रांग, तरी त्यातली एकही चालायची नाय. वैशालीची म्हातारी आजी म्हणायची, वाड्यातल्यांच्या चपलेनं लवकर उतरतं. बापाची चप्पल वाशिंदच्या बाजारातली, साधी रबराची. त्यांच्याही तिथल्याच. आमच्या पायात आल्यावर तिला कसला गुण चढायचा, त्यांनाच ठाऊक.

हाक आली की मी हातातलं टाकून पळायची. फिट आपल्या वेळेनं थांबायची, नाव चपलेचं व्हायचं. मग मला बाजूला हो सांगायचे, वैशालीवर गोमूत्र शिंपडायचे आणि मी बसलेली जागा माझ्यादेखत पुसायचे. दुसऱ्या दिवशी हीच वैशाली माझ्या डब्यातली सुकटीची चटणी बोटं चाटून खायची. मी आईकडं रडले तर आई बोलली, पोर बरी होते ना, मग जायचं. बाप मान खाली घालून बसायचा. त्याला मेल्याहून मेल्यासारखं होत होतं, पण त्यांच्याच शेतावर आईची मजुरी होती.

दहावीला असताना माझ्या चुलत्याच्या लहान पोराला तापात आकडी आली. आमच्याही घरात सगळे चपलेलाच धावले. काय सांगायचं आता! शेवटी रिक्षात घालून शहापूरच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीण बाईंनी सांगितलं, कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काहीतरी द्या, तोंडात काही कोंबू नका, थांबली नाय तर तडक इकडं आणा. मी वैशालीचं विचारलं. बोलल्या, तिला तपासायला आणा, अशा फिटला रोजची गोळी असते. मग मी चपलेचं विचारलं. चपलेनं काहीच होत नाय, बोलल्या. माझ्या अंगाची आग आग झाली. एवढी वर्षं मी कशाला पळत होते?

भाताची झोडणी चाललेली तेव्हा पुन्हा हाक आली. मी गेले, रिकाम्या हातानं. वैशाली खळ्यात पडलेली. तिला कुशीवर वळवलं, डोकं मांडीवर घेतलं. तिचा फेस माझ्या ड्रेसवर ओघळला. तिची आई ओरडली, हात काढ, चप्पल कुठाय?

"चप्पल नाय आणली, काकी. हिला गोळी लागते. दवाखान्यात न्या."

म्हातारी बोलली, "आता तुमी आमाला शिकवणार?"

मी हात काढला नाय. फिट थांबली. वैशालीनं अर्धवट डोळे उघडले आणि माझी ओढणी मुठीत धरली. तिच्या आईनं ती मूठ सोडवली, तिला ओढत न्हाणीत नेलं आणि तशाच गुंगीतल्या पोरीवर गार पाण्याची बादली ओतली. कारण माझा हात लागला होता. ती कुडकुडत होती. मी बघत उभी होते. इतका राग मला माझ्यासाठीही कधी आला नव्हता.

संध्याकाळी तिचा बाप आमच्या वस्तीच्या तोंडाशी आला. आत पाऊल टाकलं नाय. माझ्या बापाला बोलला, पोरीला समजाव, पुढच्या वेळी चप्पल घेऊन पाठव. बाप काय बोलायच्या आत मीच पुढं झाले. सांगितलं, येईन तर हात लावायलाच येईन.

दुसऱ्या दिवसापासून आईचं काम बंद झालं. आई माझ्यावर चिडली, मग दुसरं काम शोधायला लागली. आता ती आटगावला कारखान्यात जाते.

वैशालीला अजून गोळी सुरू नाय. दवाखान्यात दिसली तर लग्न जमायचं नाय, असं तिच्या घरचे म्हणतात. मी तिला चोरून सांगते, तू स्वतःच चल माझ्याबरोबर, मी येते. ती घाबरते. मी सोडणार नाय तिला.

आणि वस्तीत मी घरोघर सांगून ठेवलंय. हाक आली तर इथून माणूस जाईल. चप्पल जाणार नाय.