नऊ हजारांचं वॅक्स

"वहिनींच्या हातात गाडी देऊ नको, वॅक्सचं वाटोळं होईल. आणि त्या गरीब आहेत रे. एकदा मागितली ना? दोनदा मागणार नाहीत."

हे वाक्य माझ्यासाठी नव्हतं. पण आमच्या बाथरूमची खिडकी नेमकी पार्किंगच्या वर उघडते, आणि रविवारी सकाळी खाली जे बोललं जातं ते वर स्वच्छ ऐकू येतं. बोलत होते पठाडे सर. ऐकत होता निखिल, म्हणजे माझा नवरा. घरात मी त्याला अहो म्हणते, इथं लिहिताना निखिल. यावर फडकं गोल गोल फिरवल्याचा आवाज तेवढा येत राहिला.

विषय असा होता की मला बिडकीनला एका कंपनीच्या लॅबमध्ये नोकरी लागली होती. पंधरा दिवसांनी, सोमवारी, हजर व्हायचं होतं. आम्ही राहतो हर्सूलला, म्हणजे शहराच्या अगदी उलट्या टोकाला, आणि त्या कंपनीची बस आमच्या बाजूला येत नाही. निखिल स्वतः कंपनीच्या बसनं वाळूजला जातो. म्हणजे आमची काळी गाडी आठवडाभर कव्हर पांघरून खाली झोपलेली असते. मी अजिंठ्याकडची. कॉलेजात असल्यापासून वडिलांचं पिकअप चालवते, मक्याची पोती भरून घाट उतरलेली आहे. लायसन्स आहे. तर मी एकदा गाडीबद्दल विचारलं. निखिल म्हणाला, "बघू."

'बघू'चं काय होतं हे सांगायला लग्नाचे सात महिने पुरेसे असतात.

बोलणारी माणसं किस्से सांगून मोकळी होतात. न बोलणाऱ्याकडं ते साठत जातात. माझ्याकडं या गाडी पुसणाऱ्या मंडळींचे इतके साठलेत, की आता थोडे काढून ठेवते.

*

मंडळी तीनच. निखिल एका कारखान्यात क्वालिटीला आहे. सुट्या भागांवरचे ओरखडे शोधणं हे त्याचं काम. आठवडाभर दुसऱ्यांच्या मालातले दोष काढायचे, मग रविवारी एक तरी वस्तू बिनदोष हवी, हे मी समजू शकते. पठाडे सर क्लासमध्ये गणित शिकवतात आणि बोलताना दर वाक्याला पुरावा मागतात. तिसरे मुजीबभाई, त्यांचं बॅटरीचं दुकान आहे. ते खरं तर चहाला येतात, पण आलेच आहेत म्हणून एखादं दार पुसून जातात.

ते गाडी चमकवायचं नऊ हजारांचं वॅक्स आलं ते लाकडी पेटीतून. आत मखमल, मखमलीत काचेची बरणी, बरणीसोबत एक प्रमाणपत्र. घरात नवी किमती वस्तू आली म्हटल्यावर सासूबाईंनी देवापुढं ठेवून तिला हळदीकुंकू वाहिलं. पठाडे सर बघायला आले तर झाकणावर कुंकू. त्यांचा चेहराच उतरला. म्हणाले, एक कण जरी आत गेला तर पेंटवर ओरखडा येतो. मग दोघांनी मिळून कानातल्या काडीनं ते कुंकू टिपून काढलं.

सासूबाईंनी किंमत विचारली. निखिलनं एक शून्य गिळून नऊशे सांगितली.

त्यांनी बरणी उचलून तळापर्यंत बघितली. मग म्हणाल्या, "लुटलं की रे तुला."

*

आमच्याकडं नळ आठव्या दिवशी येतो. ज्यांच्या गावी रोज पाणी येतं त्यांना गाडी धुणं हा छंद वाटत असेल, आमच्या घरात ती वाटाघाट असते. निखिलला दोन बादल्या लागतात: एक साबणाची, एक फडकं खळबळायची. सासूबाई एक देतात, तीही भाज्या धुतलेली. एकदा तर त्यात मेथीचं पान निघालं. निखिलनं ते असं धरून बाहेर काढलं की मला वाटलं आता पुरावा म्हणून पिशवीत ठेवतो.

बोअरचं पाणी गच्चीवर मुबलक आहे. पण ते क्षारांचं, काळ्या रंगावर पांढरे ठिपके पाडतं. मग निखिलनं एक शोध लावला. शेवटचा हात फिल्टरच्या पाण्याचा द्यायचा. आठवडाभर तो रोज एकेक बाटली भरून कपाटामागं लपवत होता. रविवारी सात बाटल्या घेऊन जिन्यात निघाला, आणि नेमक्या सासूबाई समोरून आल्या.

त्या रागावल्या नाहीत. शांतपणे म्हणाल्या, "काल तुझ्या मावशीला मी नळाचं पाणी दिलं प्यायला. अन् गाडीला फिल्टरचं व्हय?"

पठाडे सरांचं म्हणणं, वॅक्स मारलं की धूळ चिकटत नाही, म्हणून पाणी कमी लागतं. म्हणजे महाग वॅक्स ही पाण्याची बचत आहे. हे त्यांनी सासूबाईंना समजावूनही सांगितलं. सासूबाईंनी विचारलं, "मग धुताच कशाला?"

*

पठाडे सरांची गाडी पांढरी, आणि निखिलच्या गाडीपेक्षाही सुखी. त्यांचं गाव पैठण तालुक्यात, मोठी शेती, वडील तिथंच असतात. गाडी घेतल्याला दोन वर्षं झाली, पण गावाकडचा शेवटचा रस्ता कच्चा आहे. म्हणून सर गावी एसटीनं जातात.

वडिलांनी एकदा भर पारावर विचारलं, "गाडी घेतली म्हणं?"

"घेतली."

"कुठंय?"

"घरी."

"अन् तू कशानं आला?"

सरांनी मोबाइलमधला गाडीचा फोटो दाखवला. वडिलांनी तो पारावरच्या सगळ्यांना फिरवून दाखवला. एक म्हातारे चष्मा वर करून म्हणाले, "लई स्वच्छ हाय फोटो."

हा किस्सा सर स्वतःच सांगतात. कौतुक म्हणून.

*

मे महिन्यात वॅक्स पातळ व्हायला लागलं. आपल्या उन्हात बरणी कपाटातही टिकेना, तेव्हा निखिलनं ती फ्रिजमध्ये ठेवली. वॅक्सला वास नारळाचा आणि पिकल्या केळाचा. मी वरती कागद चिकटवला, 'खाण्याचे नाही'.

त्याच आठवड्यात निखिलचे मामा गावाहून आले. एका लग्नाला जायचं होतं आणि पायात नवी करकरीत चामड्याची पायताणं होती. त्यांनी बरणी खाल्ली नाही. कागद नीट वाचला, आणि खायचं नाही म्हणजे लावायचं असणार असा हिशेब करून दोन्ही पायताणांना आतून-बाहेरून चोपडली.

लग्नात वळवाचा पाऊस आला. मामा संध्याकाळी परत आले ते खूश होऊन. "पाण्याचा थेंब ठरंना बगा वर. अळवाच्या पानासारखं घरंगळतंय."

निखिल चिडेल म्हणून मी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. बाहेरून निखिलचा आवाज आला, अगदी आदरानं:

"मामा, किती हात दिले? एक का दोन?"

दुसऱ्या दिवशी पठाडे सरही आले. मामांना खुर्चीत बसवून, पाय समोरच्या स्टुलावर ठेवायला लावून, त्यांच्या पायताणावर चमच्यानं पाणी सोडून दोघांनी व्हिडिओ काढला.

*

गाडी अगदीच हलत नाही असं नाही. एकदा आम्ही पठाडे सरांना घेऊन हर्सूल तलावाकडं गेलो होतो, फोटो काढायला. माझे नाहीत, गाडीचे. निघताना निखिलनं हळूच सांगितलं की दार उघडताना बांगड्या लागतात. लग्नाचा चुडा हातात होता. मी कोपरानं हँडल ओढून बसले. ओढणी सांभाळत कोपरानं दार उघडायला कसं जमतं हे मला विचारू नका, पण जमतं.

तलावाजवळ गाडी उभी केली, दोघं लांब जाऊन कोन बघायला लागले, आणि शेरडांचा एक कळप आला. त्यातला एक मोठा बोकड आमच्या दारापाशी थांबला. दारात त्याला दुसरा बोकड दिसला. त्यानं मान खाली घातली. दारातल्यानंही घातली.

धडक एकच, पण आवाज तलावापलीकडं गेला असेल.

शेरडांमागचे आजोबा धावत आले, घाबरलेले. त्यांनी आधी बोकडाचं कपाळ चाचपलं, मग दार बघितलं. निखिल तोवर गुडघ्यावर बसून पोचा मोजत होता. पठाडे सर मात्र उजळले होते. म्हणाले, "यापेक्षा मोठा पुरावा काय पाहिजे? बोकडाला फरक कळत नाही."

आजोबा म्हणाले, "सायेब, जरा कमी पुसत जावा. जनावराला इज्जत असती."

*

आता खरा प्रश्न: महाग वॅक्स घ्यावं का? मी सात महिने खिडकीतून बघतेय, माझं मत विचाराल तर सांगते. लावल्या दिवशी मुजीबभाईंचं साडेतीनशेचं आणि आमचं नऊ हजारांचं सारखंच दिसतं. फरक असलाच तर टिकण्यात असेल, आणि तो कळायला गाडी बाहेर काढावी लागते. पेटी मात्र छान आहे. मी त्यात टिकल्या ठेवते.

मुजीबभाईंचं मत माझ्याहून थोडक्यात आहे. ते पहिल्या दिवसापासून म्हणत आलेत, "मोम मोमइच रहता मियाँ. बाकी डिब्बे के पैसे." त्यांची स्वतःची गाडी दुकानाच्या फेऱ्या मारते, महिन्यातून एकदा साडेतीनशेवाल्या डबीचा हात लागतो, आणि चमकते. पठाडे सरांना हे सहन होत नाही.

खिडकीतून ते वाक्य ऐकलं त्याच रविवारी हा वाद पेटला. शेवटी सरांनीच तोडगा काढला: चाचणी. निखिलच्या बॉनेटवर मधोमध टेप लावायची, एका बाजूला हे, एका बाजूला ते. पण लावणारा तटस्थ हवा, आणि कुठल्या बाजूला काय लावलं हे पंधरा दिवस कुणाला न सांगणारा हवा. तिघांनी एकमेकांकडं बघितलं. मग तिघांनी वर, माझ्या खिडकीकडं.

मी खाली गेले. ते टपरीवर चहाला गेले. मी बांगड्या काढल्या आणि दोन्ही बाजूंना हात दिले. गोल गोल, निखिल करतो तसे. खरं सांगते, बरं वाटतं. चेहरा दिसायला लागतो आपला. मग टेप काढली, चिठ्ठी लिहून घडी करून पाकिटात ठेवली.

ते पंधरा दिवस घरात माझ्या नोकरीबद्दल सगळे फार काळजीनं बोलत होते. सासूबाई म्हणाल्या, कुणी सोबतीण मिळते का बघ. निखिलनं मोबाइलवर शोधून सांगितलं की दोन बस आणि एक शेअर रिक्षा केली तर एक तास पन्नास मिनिटांत पोचता येतं, जास्त नाही. त्यानं मला त्याचा स्क्रीनशॉटही पाठवला. मी अंगठा पाठवला. गाडी कव्हरखाली होती, चाचणी चालू होती.

मग तो रविवार आला. दुसऱ्या दिवशी मला हजर व्हायचं. सकाळी अकरा वाजता खाली तिघं आणि बॉनेट. सासूबाईही भाजी निवडायचं ताट घेऊन जिन्यात बसल्या. निखिलनं कव्हर असं काढलं, जसा पुतळ्यावरचा पडदा. सरांनी भर दिवसा टॉर्च लावला. आधी डावीकडं, मग उजवीकडं, मग पुन्हा डावीकडं. पाणी शिंपडून थेंब मोजले. वाकून वास घेतला. डावीकडच्या चकाकीत खोली आहे, असं त्यांनी वीस मिनिटं समजावून सांगितलं. "हे नऊ हजारांचं. यात शंका घ्यायला जागाच नाही."

मुजीबभाईंनी चहाचा कप उजव्या बाजूवर ठेवायला घेतला, निखिलनं तो हवेतच पकडला. "मेरेकू तो दोनो सरीके दिखरै," मुजीबभाई म्हणाले. "पर सर बोलरै ना डावा, तो मेरा उजवा."

निखिल बॉनेटच्या मधोमध उभा राहून खाली बघत होता, दोन्ही बाजूंना त्याचा अर्धा-अर्धा चेहरा.

मग सर माझ्याकडं वळले. त्यांनी पहिल्यांदाच माझ्याशी सरळ बोलायला तोंड उघडलं असावं. म्हणाले, "वहिनी, सांगून टाका आता. चिठ्ठी काढा."

सगळे थांबले. सासूबाईंचा मेथी खुडणारा हातही थांबला. मी चिठ्ठी काढली, हातात धरली, पण उघडली नाही.

मी म्हणाले, "सर, पंधरा दिवस गाडी कव्हरखाली होती. तशी खोबरेल तेल लावलं तरी टिकतं. उद्यापासून मी बिडकीनला घेऊन जाते, ऊन अन् धूळ खाऊ द्या महिनाभर, मग उघडते चिठ्ठी. अहो, किल्ली द्या."