भट्टीवाल्यांची वाटणी

“ओरडू नका, मी भट्टी नाहीये,” ती म्हणाली. “औषधांचे शेअर विकले की नाही, तेवढं सांगा.”

“विकले म्हणजे काही जुगारात उडवले नाहीत!” नवरा ओरडूनच म्हणाला. “त्या पैशांतून दुसरे घेतले.”

“कुठले?”

“बाटल्यांचे.”

ती खाटेवर बसली. आधी उजवा गुडघा हाताने धरून सरळ केला, मग डावा. खालच्या मजल्यावरचा शिंपी विसार मागायला येऊन नुकताच जिना उतरला होता. दुकानामागच्या दोन खोल्या तो यांनाच विकणार, असं कधीचं ठरलं होतं. तिसऱ्या मजल्यावरून खाली-वर करणं तिला जमेनासं झालं होतं. नवरा चाचरत त्याला म्हणाला, “जरा थांबा.” आयुष्यात कुणाशी न चाचरलेला माणूस चाचरला, तेव्हाच तिला शेअरची शंका आली.

इमारतीत सगळे त्यांना भट्टीवालेच म्हणत. औषधं बनवणाऱ्या एका मोठ्या कंपनीचा काचेच्या बाटल्यांचा कारखाना होता, तिथे त्यांनी सगळी नोकरी काढली. काचेची भट्टी कधी विझवायची नसते. विझली की आतली काच दगडासारखी थिजते, मग पहारीने फोडावी लागते. निळ्या काचेतून आत बघून ज्वाळेचा रंग ओळखायचा, हे त्यांचं काम. भुवया कायमच्या जळलेल्या, भट्टीच्या आवाजाने कान अर्धे गेलेले. मुलीच्या जन्माच्या वेळी ते भट्टीपाशी होते, आणि त्यांची आई गेली तेव्हाही. बायको म्हणे, “माझी सवत तापट आहे, तिला सोडून येता येत नाही.” तेव्हा ती हसून म्हणायची.

कंपनी बोनसबरोबर कामगारांना थोडे थोडे शेअर द्यायची. नवऱ्याने ते कपाटात टाकले, पण जपले तिने. मुलीच्या लग्नात गळ्यातली साखळी मोडली, शेअर मोडू दिले नाहीत. ते शेअर म्हणजे तिच्या खालच्या खोल्या होत्या.

ते निवृत्त झाले आणि पाठोपाठ कंपनीने बाटल्यांचा कारखाना वेगळा काढला. त्याची स्वतंत्र कंपनी केली आणि जुन्या प्रत्येक शेअरमागे नव्या कंपनीचा एक शेअर दिला. भट्टीवाले हरखले. “फुकट! एकाचे दोन झाले!”

मुलगी बँकेत कारकून. ती म्हणाली, “बाबा, फुकट कसले? त्याच दिवशी जुन्याचा भाव तेवढाच उतरलाय. ही वाटणी आहे. थोरल्याने चालतं दुकान ठेवलं, धाकट्याला जुनं घर दिलं आणि वर बापाचं कर्जही त्याच्याच गळ्यात घातलं. औषधवाले दोनच वर्षं या बाटल्या घेणार आहेत, पुढे बांधलेले नाहीत. नवे विकून टाका, जुने ठेवा.”

“बाटल्या घेणार नाहीत, तर खोकल्याचं औषध काय ओंजळीत देणार?” असं म्हणून ते खूप हसले. दुसऱ्या दिवशी त्यांनी नेमकं उलटं केलं. औषधांचे सगळे शेअर विकले आणि आलेल्या पैशांचे बाटल्यांचे घेतले. घरात कुणाला सांगितलं नाही. त्यांच्याबरोबर निवृत्त झालेल्या चौघांनीही हेच केलं. भट्टीची माणसं भट्टीला सोडून ऑफिसवाल्यांच्या पदरात पैसे टाकतील?

दोन वर्षं संपली आणि औषधवाल्यांनी प्लास्टिकच्या बाटल्या घ्यायला सुरुवात केली. त्यांचा शेअर वर गेला. गेल्या महिन्यात बाटल्यांच्या कंपनीने भट्टी विझवली. हे तिला आज कळत होतं.

“म्हणजे आता त्या कागदांचं काय येईल?” तिने विचारलं.

“आत्ता विकले तर काही नाही. पण भट्टी परत पेटवतील. नव्या मालकाशी बोलणी चाललीत म्हणे.”

“म्हणे!” आईचा फोन आल्यावर धावत आलेली मुलगी दारात उभी राहून सगळं ऐकत होती. “बाबा, मी सांगितलं होतं. पालथ्या घड्यावर पाणी.”

“तू गप्प बस. तू कधी भट्टी बघितलीस?”

“तिने नाही, मी बघितली,” बायको म्हणाली. “लग्न झाल्यापासून तीच बघतेय. तेल गेलं, तूप गेलं म्हणतात. तुम्ही तर चांगलं तेल विकून तुपाचा रिकामा डबा घेतलात.”

“अगं, तिथे माझी हयात गेली. दुसऱ्यासारखी पाठ फिरवायची होती का?”

“त्यांनी फिरवली की. एका सहीत फिरवली. आणि पाठ फिरवायची नव्हती, तर माझ्या गुडघ्यांना विचारायचं होतं.”

मुलीने पाणी पुढे केलं, ते आईने घेतलं नाही. भिंतीला धरून ती उठली आणि एकेक पायरी आडवी उतरत खाली गेली. मुलगी मागोमाग निघाली, तर तिला हातानेच थांबवलं.

बऱ्याच वेळाने ती वर आली. धाप ओसरेपर्यंत दारातच उभी राहिली.

“शिंपी दोन्ही खोल्या दुसऱ्याला विकतोय,” ती म्हणाली. “दुकानातला माळ्याखालचा कोपरा मला देतोय. दिवसभर काज-बटणं करायची, भाडं नाही. मी सोमवारपासून खाली राहणार. तुमचं जेवण तुम्ही करायचं.”