गुप्तेकाकांच्या गाडीचं अ‍ॅव्हरेज

गाडी किती अ‍ॅव्हरेज देते, या प्रश्नाचं खरं उत्तर देणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. आमच्या सोसायटीत एकवीस गाड्या आहेत, म्हणजे वीस थापाडे आहेत. कुणाची सोळा देते, कुणाची अठरा. तळमजल्यावरचा नंदकिशोर तर असा बोलतो की जणू उतारावर पेट्रोल परत टाकीत येतं. मीही त्यातलाच. माझी अकरा देते आणि मी बिनदिक्कत पंधरा सांगतो. दुसऱ्या मजल्यावरचे अनंत गुप्ते मात्र सांगायचे, "मागच्या भरणीला बारा पॉइंट एक. कंपनी सतरा पॉइंट चार म्हणते. तीस टक्के फरक. आपल्याकडच्या ट्रॅफिकमध्ये एवढा धरायचाच." नवी गाडी बघायला निघालेला माणूस त्यांच्याशी बोलून हिरमुसला होऊन परत यायचा.

काका ट्रॉम्बेला चौतीस वर्षं नोकरी करून निवृत्त झाले. तिथे नेमकं काय करत ते त्यांनी कधी सांगितलं नाही, आम्हीही खोदून विचारलं नाही. मोजमापाचं काम होतं, एवढंच माहीत. त्यांची पद्धत ठरलेली होती. पंप एकच, नळीसुद्धा तीच, वेळ सकाळी सातची. नळी पहिल्यांदा आपोआप बंद झाली की थांबायचं. पंपावरचा माणूस 'राउंड फिगर करू का' म्हणून हात पुढे करायचा, तर काका त्याचं मनगट धरायचे. मग किलोमीटर भागिले लिटर. गाडीच्या पडद्यावर अ‍ॅव्हरेज आयतं दिसतं, पण ते त्यांना मंजूर नव्हतं. "पोराने स्वतःच भरलेलं प्रगतिपुस्तक आहे ते," म्हणायचे.

गाडी घेतली ती नीलाकाकूंसाठी. काकूंना पाच वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. पाय थोडाफार आला, बोलणं आलं नाही. शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवलेली बाई, गप्प झाली. काकांची जुनी छोटी गाडी होती, तिच्यात बसवायचं म्हणजे काकूंना खाली ठेवल्यासारखं करावं लागे, आणि उठवताना काकांची कंबर जाई. रिक्षाची पायरी काकूंना चढवत नव्हती. मग काका टेप घेऊन मुलुंड ते अंधेरी सगळी शोरूम फिरले. सीट जमिनीपासून किती उंच, एवढंच मोजत. मधल्या आकाराच्या एसयूव्हीची सीट काकूंच्या कमरेला बरोबर लागली. नुसतं टेकायचं आणि वळायचं. सत्तरी ओलांडलेल्या माणसाने एवढी मोठी गाडी घेतली म्हणून सोसायटीत हसले लोक. मीही हसलो होतो.

पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट घडली. एलबीएस रोडवर भांडुपच्या आसपास गाडी ट्रॅफिकमध्ये अडकली होती, आणि शेजारी बसलेल्या काकू अचानक म्हणाल्या, "मेडिकल." काकांनी दचकून पाहिलं. समोर औषधांच्या दुकानाची पाटी होती. पुढे गेल्यावर त्या म्हणाल्या, "भांडी." मग थोड्या वेळाने, अडखळत, "सुवर्ण." झटक्यानंतर आठ महिन्यांत बाईंच्या तोंडून आलेले हे पहिले शब्द. उंच सीटवरून पाट्या नीट दिसतात आणि गाडी गोगलगायीसारखी चालते म्हणून वाचायला वेळ मिळतो, असा काकांचा निष्कर्ष. स्पीच थेरपीच्या बाईंनीही सांगितलं, हे थांबवू नका.

तेव्हापासून मंगळवार, गुरुवार, शनिवार, दोघं मुलुंडहून घाटकोपरला जात आणि परत येत. बाजूला मोकळा हायवे असताना हा माणूस मुद्दाम एलबीएस रोडच्या, मेट्रोच्या कामाच्या, खड्ड्यांच्या रस्त्याने जाई. घरी काकू 'पाणी' आणि 'नको' यापलीकडे बोलत नसत. मुलगी इरावती बोरिवलीहून येई, तिच्यासमोरही नाही. अर्धवट शब्दाची त्यांना लाज वाटे. गाडीत मात्र दोघंच असली की बोलत. तिसऱ्या वर्षी तर पाटी वाचून त्यावर बोलू लागल्या होत्या. "साड्या. महाग." काकांनी हे मला पार्किंगमध्ये दोनदा सांगितलं. मला त्या माणसाचा हेवा वाटला, खरंच. माझी बायको दिवसभर बोलते आणि मी तिचा एक शब्द ऐकत नाही.

आणि मग अ‍ॅव्हरेज घसरलं.

आधी अकरा, मग दहा, मग नऊ. काकांनी टायरची हवा तपासली, एअर फिल्टर बदलला, प्लग बदलले, पंपसुद्धा बदलून पाहिला. पेट्रोलमधल्या इथेनॉलला नावं ठेवणारे आमच्याकडे पुष्कळ, त्यांचंही ऐकलं. पण तेच पेट्रोल बाकीच्यांच्याही गाडीत होतं. वर्षात क्लचप्लेट गेली. सर्व्हिस सेंटरवाले दर वेळी म्हणत, गाडी ओके आहे. शेवटी आठ पॉइंट तीनवर आलं तेव्हा काका माझ्याकडे आले.

आता माझ्याबद्दल सांगायला हवं. माझा जन्म भांडुपच्या चाळीतला, वडील गिरणीतले, आणि भांडण म्हटलं की माझ्या अंगात बळ येतं. टूथपेस्टच्या ट्यूबवरून मी एका दुकानदाराला रडवलेलं आहे. मी म्हटलं, "काका, सोडायचं नाही. जॉइंट टेस्ट मागा. त्यांचा माणूस, आपली गाडी, आपल्यासमोर. वाट लावू साल्यांची."

"भांडायचं नाहीये रे देवेश," काका म्हणाले. "मला फक्त कारण हवंय. गाडी अशी बिघडत गेली आणि एक दिवस बंद पडली, तर नीलाचं काय?"

पत्रं मी लिहिली, इंग्रजीत, चांगली झणझणीत. तीन आठवड्यांनी सर्व्हिस सेंटरने श्रुतिका नावाच्या टेस्ट इंजिनियर बाईंना पाठवलं. पस्तिशीच्या, भांडुपच्याच निघाल्या. काकांनी अट घातली: हायवेवर नाही, आमच्याच रस्त्यावर. मुलुंड-घाटकोपर, तीन फेऱ्या, एसी चोवीसवर, गाडीत तिघं. बाईंनी मान्य केलं. मला तेव्हाच आश्चर्य वाटायला हवं होतं.

शुक्रवारी श्रुतिकांनी गाडी चालवली. सहासष्ट किलोमीटर झाले, परत त्याच पंपावर, त्याच नळीने टाकी भरली. पाच पॉइंट तीन सात लिटर. काकांनी भागाकार केला आणि पुन्हा केला. बारा पॉइंट तीन.

"गाडी झकास आहे काका," श्रुतिका म्हणाल्या. "मी तसं लिहून देते. टेन्शन नका घेऊ."

तिथे थांबता आलं असतं. सही करायची, घरी जायचं. पण काकांना शंका आली की या लोकांनी आदल्या दिवशी गाडी तपासायला नेली तेव्हा गुपचूप काहीतरी दुरुस्त केलं असणार, आणि आता कबूल करत नाहीत. मलाही ते लगेच पटलं. मी म्हटलं, "बरोबर पकडलंत!" काका म्हणाले, "पकडायचं तर पद्धतीने. उद्या हीच टेस्ट पुन्हा. रस्ता तोच, वेळ तीच, माणसं तीच. एकच गोष्ट बदलायची, ड्रायव्हर. मी चालवतो. उद्याही बारा आले तर त्यांनी काहीतरी केलं हे सिद्ध." श्रुतिकांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि ठीक आहे म्हणाल्या.

शनिवारी काका चालवायला बसले. श्रुतिका शेजारी, मी मागे. दोन फेऱ्या झाल्या. गाडी धक्के खात होती, पण म्हाताऱ्या माणसाचं ड्रायव्हिंग म्हणून मी फार लक्ष दिलं नाही. तिसऱ्या फेरीत, परत येताना कांजूरच्या सिग्नलच्या पुढे श्रुतिका म्हणाल्या, "काका, डावा पाय क्लचवरून उचला जरा."

"उचललेलाच आहे."

मी पुढे वाकून पाहिलं. पाय क्लचवर होता, पेडल अर्धं दाबलेलं, पेट्रोल फुकट जळत होतं. आणि पायात चप्पल नव्हती. चप्पल मागे सीटखाली गेली होती.

"काका, गाडी बाजूला घ्या," बाईंचा आवाज बदलला. गाडी थांबली. त्या खाली वाकल्या आणि त्यांनी काकांच्या पावलाला हात लावला. "आता मी कुठे धरलंय?"

काका समोर काचेतून बघत होते. "धरलंय का?" त्यांनी विचारलं.

श्रुतिकांनी पाऊल चांगलं दाबून धरलं होतं. त्यांच्या बोटांची नखं पांढरी पडली होती. काका वाकले, स्वतःच्या पायाकडे पाहिलं, मग चपलेकडे. त्यांना वीस वर्षं मधुमेह होता. शुगर रोज मोजत, टिपून ठेवत. पाय मोजायचं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. मला एकदम आठवलं की गेल्या महिन्यात पार्किंगच्या खांबाला त्यांच्या गाडीचा रंग लागलेला मी पाहिला होता, आणि वॉचमनला शिव्या घातल्या होत्या.

"मी चालवते पुढे," श्रुतिका हळू म्हणाल्या.

"मग रीडिंग बिघडेल," काका म्हणाले. मग ते स्वतःच उतरले, बॉनेटला हात लावून लावून पलीकडे आले. पंपावर टाकी भरली. आठ पॉइंट दोन. त्यांनी ते वहीत लिहिलं, पुढे 'चालक अ. गु.' असं लिहिलं, आणि शेवटचे सहा किलोमीटर चालक वेगळा होता, हेही लिहिलं. श्रुतिकांना म्हणाले, "बाई, गाडीत दोष नाही. माझी तक्रार मागे घेतो. तुमच्या वेळेबद्दल माफ करा." मी मागे बसून होतो. एवढा भांडखोर माणूस मी, माझ्याकडे भांडायला कुणी उरलं नव्हतं.

डॉक्टरांनी नसांची तपासणी केली. दोन्ही पायांची संवेदना गेलेली, उजव्याचीही. इरावती म्हणाली, ऑटोमॅटिक घेऊ या बाबा, त्यात क्लच नसतो. डॉक्टर म्हणाले, उजव्या पायाला ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर यातला फरक कळत नाही, तुम्ही आजवर कुणाला मारलं नाहीत हे नशीब. काकांनी त्याच संध्याकाळी चावी इरावतीच्या हातात दिली. वाद घातला नाही. स्वतः काढलेल्या आकड्याशी वाद घालणं त्यांना जमत नसे.

मग ड्रायव्हर ठेवला. सम्यक नावाचा, विक्रोळीचा, अगदी सज्जन. काका काकूंच्या शेजारी मागे बसत. काकूंनी पाट्यांकडे पाहिलंच नाही. दोन आठवडे त्या मांडीवरच्या हाताकडे बघत घाटकोपरला गेल्या आणि परत आल्या. परक्या माणसाच्या मानेमागे त्यांचं तोंड उघडेना. काका पाट्या दाखवत, "नीला, ते बघ, काय लिहिलंय?" विचारत, आणि त्या डोळे मिटून घेत.

मग मी म्हटलं, मी चालवतो. मला तर काकू पंधरा वर्षं ओळखतात. शनिवारी काकूंना पुढे, नेहमीच्या जागेवर बसवलं, काका मागे बसले. भांडुप आलं. मी समोर बघत चालवत होतो. एका दुकानापाशी त्यांचे ओठ हलले. "फ..." एवढा आवाज आला. मी गाढवासारखा त्यांच्याकडे वळून पाहिलं. त्यांचा चेहरा लाल झाला, तोंड मिटलं, आणि डाव्या हाताने त्यांनी पदर ओठांवर धरला तो घर येईपर्यंत. पुढच्या शनिवारी त्या खाली आल्याच नाहीत.

या गोष्टीला आता सहा महिने झाले. गाडी पार्किंगमध्ये उभी असते. बॅटरी उतरू नये म्हणून रविवारी मी पाच मिनिटं सुरू करतो. गेल्या रविवारी काका काठी टेकत खाली आले, शेजारी उभे राहिले.

"देवेश, मोजलं नसतं तर?" त्यांनी विचारलं.

"काका, कुणाचा तरी जीव गेला असता. तुमचा, काकूंचाही."

"हो. ते बरोबर आहे," काका म्हणाले. त्यांनी काठीचं टोक टायरवर टेकवलं. मग म्हणाले, "पण ती बोलत असती."

मी इंजिन बंद केलं. काकू कशा आहेत, म्हणून विचारलं.

"दोन शब्द राहिले होते. पाणी आणि नको," काका म्हणाले. "मंगळवारपासून पाणी हवं असलं की ग्लासकडे बोट दाखवते."