नावेचा भाव मी केला

मी एका जहाज कंपनीत आहे. नवी मालवाहू जहाजं बांधून घेताना भाव करणाऱ्यांत मीही बसतो. सुट्टीला जळोचीला आलो की कोणीतरी विचारतंच, एवढं मोठं जहाज केवढ्याला पडतं? मग मी शहाणपण पाजळतो. पोलाद, इंजिन, मजुरी हे तर असतंच. पण खरा भाव ठरतो बांधणाऱ्याच्या हातात काम किती आहे त्यावर. पुढची तीन वर्षं भरलेली असतील तर तो म्हणेल ती किंमत. गोदी रिकामी असेल तर कारागीर पांगू नयेत म्हणून तो तोट्यातही जहाज बांधून देतो.

गेल्या वर्षी वरकुट्याच्या माझ्या चुलत्यांना, तात्यांना, लोखंडी नाव हवी होती. उजनी धरणाच्या फुगवट्यात बसवलेल्या पाण्याच्या मोटारीपर्यंत जायला. इंदापूरच्या बाजूला नावा बांधणारे मिस्त्री त्यांचे शाळेपासूनचे दोस्त. दोस्ताशी भावाचं कसं बोलायचं, म्हणून तात्या अवघडले होते. "तू जहाजांचं बोलतूस, नावंचं बी तूच बोल," म्हणाले.

आमच्याकडे कारागिराला आधी घरचं विचारतात, मग कामाचं. तात्यांना घेऊन मिस्त्रींकडे गेलो तेव्हा मीही विचारलं, "कसं चाललंय, आबा?"

"काय सांगू बाळा, दोन म्हैनं झालं, एक नाव न्हाय. वेल्डिंगची दोन माणसं हायती, ती बी आता एमआयडीसीत जातो म्हणत्यात."

घरच्या पोराशी बोलावं तसं ते बोलले. मी हळहळलो, अगदी मनापासून हळहळलो, आणि त्याच वेळी मनात भाव पाडला. चहा संपायच्या आत त्यांनी सांगितलेल्या किमतीतला चौथा हिस्सा मी उतरवला होता. त्यांनी एकदा तात्यांकडे पाहिलं. तात्या बशीत बघत राहिले.

"बरं, करू," मिस्त्री म्हणाले. "माणसं तरी ऱ्हातील."

परतताना मी गाडीत शीळ घालत होतो. ते आठवलं की मला माझीच शिसारी येते.

नाव पाण्यात सोडायच्या दिवशी रिवाजाप्रमाणे मिस्त्रींना टॉवेल-टोपी द्यायची होती. त्याआधी मी वाकून तळाचा पत्रा बोटांनी ठोकून पाहिला. भाव पाडला की बांधणारा मालात हात मारतो, हे मला नोकरीनं शिकवलंय.

"वाजवा, वाजवा," मिस्त्री म्हणाले. आवाजात रागसुद्धा नव्हता. "ठरला त्योच पत्रा हाय. ह्यात आमचा तात्या बसणार हाय, साहेब."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी काही बोलायच्या आत तात्या पुढं झाले. ज्या दोस्ताशी जन्मभर अरे-तुरे केलं, त्याच्यापुढं त्यांनी हात जोडले.

"चुकलं आमचं," म्हणाले.

पोराचं चुकलं, असं म्हणाले असते तर बरं झालं असतं.