रायनोचा आणखी एक थर

माझ्या नवऱ्याला, रायनो कांगासला, थांबता येत नाही. एकोणचाळीस वर्षं त्यानं काउंटीच्या रस्त्यांवर बर्फ ढकलणारी गाडी चालवली. आता निवृत्त झालाय, तरी आमच्या अंगणात बोटभर बर्फ उरलेला त्याला खपत नाही. हे मी कौतुकानं सांगत नाहीये. माझा जीव मेटाकुटीला आलाय म्हणून सांगतेय.

दर ऑगस्टच्या शेवटी आम्ही दोघं केटल तळ्यावर जायचो. तिथं पोचायला आधी एक तळं ओलांडायचं आणि मग होडी खांद्यावर घेऊन पाऊण मैल खडकाळ वाट चालायची. आमच्याकडची रीत अशी, की होडी एकट्यानं उचलायची आणि दुसऱ्यानं सामान घ्यायचं. रायनोच्या बापानं तशीच उचलली, रायनोनंही. मी वर्षानुवर्षं पिशव्या पाठीवर मारून मागून चालले. पुढे दिसायची ती उलटी होडी आणि तिच्याखाली दोन पाय. मग त्याच्या खांद्याचं ऑपरेशन झालं. अ‍ॅल्युमिनियमची चौऱ्याहत्तर पौंडांची होडी पुन्हा उचलायची नाही, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं. पन्नास पौंडांपर्यंत चालेल म्हणाल्या. दोन उन्हाळे आमचं केटलला जाणं बुडालं.

म्हणून रायनोनं शेडमध्ये ही लाकडाची होडी बांधायला घेतली. सीडरच्या पाव इंची पट्ट्या एकीला एक चिकटवायच्या, आतून-बाहेरून काचेच्या धाग्यांचं कापड अंथरायचं आणि ते इपॉक्सीनं, म्हणजे वाळून काचेसारख्या कडक होणाऱ्या चिकट राळेनं, भिजवायचं. वजन भरायला हवं अठ्ठेचाळीस पौंड. सगळा खटाटोप त्या आकड्यासाठी. हिवाळाभर त्यानं लाकूडकाम असं केलं की दृष्ट लागावी. तिथवर माझी काही तक्रार नाही.

शेजारच्या व्हर्न सुंडक्विस्टनं अशा सहा होड्या बांधल्यात. त्यानं आधीच सांगितलं होतं, की शेड चांगली तापव, मग शेगडी विझव आणि शेड निवायला लागली की इपॉक्सी लाव. लाकूड तापताना हवा बाहेर सोडतं, निवताना आत घेतं. पण आम्ही पडलो फिनलंडहून आलेल्यांची नातवंडं. ज्याच्या घरी दर शनिवारी सौना, म्हणजे वाफेनं घाम काढायची खोली, तापते, त्याला कुठलंही काम उष्णता वाढवली की सुधारतं असंच वाटतं. रायनोनं इपॉक्सी लावायला घेतलं आणि त्याच वेळी शेगडीत बर्चची लाकडं कोंबली.

कापड भिजलं तसं दिसेनासं झालं आणि खालचं लाकूड मधासारखं उजळलं. मीसुद्धा वा म्हटलं. अर्ध्या तासात लाकडानं हवा सोडायला सुरुवात केली आणि बुडावर टाचणीच्या डोक्याएवढे शेकडो बुडबुडे आले. रायनोनं इपॉक्सी बनवणाऱ्यांचा उद्धार केला. नाचता येईना अंगण वाकडं.

बुडबुडे घासून काढले, वर दुसरा थर दिला. इपॉक्सी वाळताना वर मेणासारखा चिकट पापुद्रा धरतं. तो आधी पाण्यानं धुवायचा असतो. व्हर्ननं हेही सांगितलं होतं, पण पालथ्या घड्यावर पाणी. न धुता तिसरा थर दिला, तो तेलकट तव्यावरच्या पाण्यासारखा जागोजागी फाटला. ते खड्डे बुजवायला चौथा. मग उजव्या बाजूला चकाकी जास्त दिसते म्हणून डावीकडे पाचवा, आणि डावी उजवीपेक्षा चकाकली म्हणून येरे माझ्या मागल्या.

"कापडाची वीण बुडली की थांबायचं," व्हर्न म्हणाला. "पुढचं सगळं नुसतं वजन."

"आणखी एक थर," रायनो म्हणाला. "मग झालंच."

जुलैत न्हाणीघरातला वजनकाटा बाहेर आणला आणि रायनो त्यावर उभा राहिला. व्हर्ननं आणि मी होडी रायनोच्या खांद्यांवर ठेवली आणि व्हर्ननं वाकून आकडा वाचला. रायनोचं वजन वजा केल्यावर होडी भरली एकाहत्तर पौंड. व्हर्न भला माणूस, जेवायला उशीर होतोय म्हणत घरी गेला.

मला मात्र राहवलं नाही. "तीन पौंड, रायनो. दोन उन्हाळे घालवले आणि तीन पौंड हलकी केलीस."

"दिसते चांगली," तो म्हणाला.

"मग भिंतीवर टांगू."

दुसऱ्या दिवशी तो घासायचं मशीन घेऊन एक थर काढायला निघाला. मी शेडच्या दारातच उभी राहिले. तो खाली कापडापर्यंत घासणार, कापड उघडं पडणार आणि ते झाकायला पुन्हा एक थर देणार, हे मला पाठ झालं होतं. त्यानं मशीन ठेवलं आणि आठवडाभर धुमसत राहिला. राग मलाही होता, आणि भीतीही. तिसरा उन्हाळा गेला की आम्ही पुन्हा कधी जाणार नाही, हे दोघांनाही कळत होतं.

ऑगस्टअखेर गेलो. पहिलं तळं ओलांडलं, वाटेच्या तोंडाशी उतरलो. मी सवयीनं पिशव्या पाठीवर घेतल्या. रायनो होडीपाशी उभाच. खांदा चोळत होता.

"एल्मा," तो होडीकडेच बघत म्हणाला, "पुढचं टोक धरतेस?"

एक्केचाळीस वर्षांच्या संसारात त्यानं हे कधी विचारलं नव्हतं. मी पिशव्या खाली ठेवल्या आणि टोक धरलं.

नऊ वेळा थांबलो आणि नऊही वेळा भांडलो. मी ओढते म्हणे. मी म्हटलं, तूच ढकलतोस, रस्त्यावरचा बर्फ आहे का मी? शेवटी केटलच्या काठी होडी टेकवली ती नेमकी खडकावर. त्या सगळ्या थरांवर हातभर ओरखडा उठला. रायनो वाकून बघायला लागला.

"थराचं नाव काढू नकोस," मी म्हटलं.

त्यानं काढलं नाही. पिशव्या अजून पलीकडेच होत्या, त्या आणायला दोघं परत निघालो. तो पुढे चालत होता आणि सारखा मागे वळून सांगत होता, की ओरखडा तसा खोल नाहीये. त्या वाटेवर मला त्याचं तोंड पहिल्यांदाच दिसत होतं.